प्रगतिपुस्तकाची पैसेवारी

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. वाशी तालुक्यातल्या एका गावची मुलगी दुपारच्या एस.टी.ने धाराशिवला आली आणि पत्ता विचारत माझ्या घरी पोहोचली. मी बँकेत असताना तिच्या वडिलांना विहिरीसाठी कर्ज दिले होते. विहिरीला पाणी बेताचेच लागले, कर्ज मात्र त्यांनी पूर्ण फेडले. अशी माणसे लक्षात राहतात. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि पुढच्या शिक्षणासाठी एका शिष्यवृत्तीचा फॉर्म तिने आणला होता. उत्पन्नाचा दाखला, खाते क्रमांक, दहावी-बारावीचे गुण, सारे सुवाच्य अक्षरात भरलेले. पाचवे पान तेवढे कोरे होते. त्यावर एकच प्रश्न होता : तुमच्या व्यक्तिमत्त्वातील तीन बलस्थाने आणि तीन उणिवा लिहा.

“काका, बाकी समदं भरलंय. ह्या पानावर काय विचारायलेत तेच कळंना झालंय,” ती म्हणाली.

अगदीच कळत नव्हते असे नाही. तिच्या मैत्रिणीने मोबाइलवरून उतरवून दिलेला एक कागद फॉर्मला टाचणीने लावलेला होता. बलस्थाने : नेतृत्वगुण, वेळेचे नियोजन, संघभावना. उणिवा : मी प्रत्येक काम अचूकच झाले पाहिजे असा हट्ट धरते, मी कामात स्वतःला विसरून जाते, मला कोणालाही नाही म्हणता येत नाही. मला हसू आले. उणिवाच अशा, की वाचणाऱ्याने उठून हार घालावा! मी विचारले, “यातलं खरं काय आहे?” ती गोंधळली. मग सरळपणे म्हणाली, “खरं कुठं विचारलंय, काका? लिहा म्हणलेत.”

फॉर्म ठेवून जा, रविवारी ये, असे सांगून मी तिला परत पाठवले. त्या दोन-तीन दिवसांत ते पाचवे पान माझ्या टेबलावर पडून होते आणि मी त्याच्याकडे पाहायचे टाळत होतो. त्याला कारण होते. अशाच एका पानावर मी एकदा खोटे लिहिले आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी हे पान आले कुठून ते पाहू. आमच्या पिढीच्या प्रगतिपुस्तकात विषय, गुण, हजेरी, वर्गातला क्रमांक आणि वडिलांची सही एवढाच ऐवज असे. फार तर तळाशी ‘वर्तणूक : चांगली’. आपल्यात चांगले काय आणि उणे काय हे विचारण्याची पद्धत नव्हती, आणि सांगायला घरीदारी सगळेच तयार असत. पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला महाराष्ट्र शासनाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा निर्णय काढला. वर्षातून दोनदा पेपर घेऊन मूल कळत नाही, ते रोज वर्गात दिसले पाहिजे, असा त्यामागचा विचार. विचार चांगलाच होता. प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकाने वर्णनात्मक नोंदी करायच्या : विशेष प्रगती कशात आहे, आवड-छंद कोणते, सुधारणा कशात आवश्यक आहे.

आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्यापुढचे पाऊल टाकले आहे. समग्र प्रगतिपत्रक येत आहे. त्यात शिक्षकाबरोबर वर्गमित्रांनी मुलाबद्दल काय वाटते ते सांगायचे आहे आणि स्वतः मुलानेही आपले मूल्यमापन करायचे आहे. राष्ट्रीय पातळीवर त्याचे नमुने तयार झाले. अगदी लहान मुलांसाठीच्या नमुन्यात प्रगतीच्या पायऱ्यांना झरा, डोंगर आणि आकाश अशी नावे आहेत. झरा म्हणजे सुरुवात, सर्वांत खालची पायरी. ही नावे ज्यांनी ठेवली त्यांनी आमचा जिल्हा चैत्र-वैशाखात पाहिलेला नसावा. आमच्याकडे एप्रिलात वाहता झरा सापडला तर त्याला आकाशाच्याही वर बसवतील!

थट्टा सोडा. पहिली-दुसरीतल्या मुलाला ‘तुला काय जमते, काय जमत नाही’ असे कोणीतरी आपुलकीने विचारणार असेल तर मला आनंदच आहे. शंका आहे ती वेगळी. २०१० नंतर त्या वर्णनात्मक नोंदींचे काय झाले, हे आपण पाहिले आहे. दोन-तीन वर्षांत तयार नोंदींच्या याद्या निघाल्या. विषयवार, इयत्तावार, पन्नास-पन्नास वाक्ये. पुढे त्या मोबाइलवर फिरू लागल्या. ‘वर्गात नियमित उपस्थित राहतो’, ‘अक्षर वळणदार काढतो’, ‘गणिती क्रियांत सुधारणा आवश्यक’. यादीतले वाक्य उचलायचे आणि हजेरीपटावरच्या नावापुढे चिकटवायचे. शिक्षकांना यात सरसकट दोष देण्यात अर्थ नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत चार वर्ग, त्यावर निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, रोजची ऑनलाइन माहिती; या माणसाने साठ मुलांचे अंतरंग कधी पाहायचे? पण परिणाम व्हायचा तो झालाच. मूल दिसावे म्हणून जो रकाना काढला, त्या रकान्यामागेच मूल दिसेनासे झाले. आता त्या रकान्यात मुलानेच लिहायचे आहे. मुलांसाठीही याद्या निघतील. माझ्याकडे आलेल्या मुलीच्या फॉर्मला तशीच एक यादी टाचलेली होती.

एका निवृत्त मुख्याध्यापकांनी सांगितलेला प्रसंग मला विसरता येत नाही. त्यांच्या शाळेत ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांतली मुले असत. दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या भागात निघत. काही मुले हंगामी वसतिगृहात थांबत, काही आईबापांबरोबर फडावर जात. सहावीतला एक मुलगा असाच मार्चअखेर परतला. गुरुजींनी त्याच्या पानावर लिहिले : ‘अनुपस्थिती जास्त. गणितात सुधारणा आवश्यक.’ काही दिवसांनी मुलाच्या बापाचे मुकादमाशी उचलीच्या हिशेबावरून भांडण झाले आणि दोघेही निवाड्यासाठी शाळेत आले. बापाने मुलाला पुढे केले. त्या पोराने तीन महिन्यांच्या खेपा, प्रत्येक खेपेचे टन, दर, मधले आजारपणाचे खाडे आणि घेतलेली उचल असा सगळा हिशेब तोंडी मांडला. मुकादमाच्या वहीत चूक निघाली. गुरुजी मला म्हणाले, “साहेब, त्या रात्री मी त्याचं पान काढून बसलो. सुधारणा नेमकी कुणात आवश्यक आहे, हेच मला समजेना.”

आता माझ्या खोट्याकडे वळतो.

नव्वदीच्या दशकात मी याच जिल्ह्यातल्या एका शाखेत अधिकारी होतो. दरवर्षी अधिकाऱ्याचा गोपनीय अहवाल जाई आणि त्याला जोडून आम्ही स्वतः भरायचा एक तक्ता असे. त्यात ‘आपल्या उणिवा’ अशी एक चौकट होती. बहुतेक जण तिथे रेघ मारत. मी तेव्हा नुकताच लिहायला लागलो होतो, माझी एक कादंबरी छापून आली होती, त्यामुळे खरे लिहिण्याचा मला जरा माज होता. मी लिहिले : ‘थकबाकीदाराच्या दारात गेल्यावर घरातली परिस्थिती पाहून माझा आवाज खाली येतो. वसुलीच्या कामात मी कमी पडतो.’ वरिष्ठांनी बोलावून घेतले. भला माणूस होता. कागद माझ्यासमोर ठेवून म्हणाला, “ही चौकट कबुलीजबाबाची नाही हो. बढतीची आहे.” मग त्यांनीच मजकूर सुचवला : ‘कामाच्या व्यापात कुटुंबाकडे दुर्लक्ष होते.’ मी नवा तक्ता घेतला आणि तसे लिहिले. बढती मिळाली. नेमणूक झाली ती वसुलीच्या कामावर.

नको तिथे पाठवले म्हणून तक्रार करायलाही जागा नव्हती. मला जे जमत नाही ते मी लपवले होते, मग ते काम मला न देण्याचे बँकेला काय कारण? त्या हिवाळ्यात एका शेतकऱ्याच्या दारातून ट्रॅक्टर ओढून आणावा लागला. पंचनाम्यावर सही माझी. त्याची बायको काही बोलली नाही. तिने फक्त ट्रॅक्टरच्या सीटवर घातलेले पोते काढून घेतले. ते घरचे होते. माझ्या जागी खंबीर माणूस असता तर त्याने कदाचित आधी चार वेळा दमात घेऊन हप्ते वसूल केले असते आणि ट्रॅक्टर दारातच राहिला असता. मी प्रत्येक फेरीला मऊ बोललो, मुदत वाढवत गेलो आणि शेवटी एकदम कठोर झालो. कमकुवत माणसाच्या हातून बहुधा असेच होते. स्वतःची उणीव लपवण्याची किंमत नेहमी स्वतःलाच मोजावी लागते असे नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

त्या प्रकरणात आणखी एक गोष्ट होती, आणि ती आजच्या विषयाशी जास्त जवळची आहे. त्या गावची पैसेवारी त्या वर्षी चौपन्न लागली होती. शेजारच्या गावची सत्तेचाळीस.

शहरातल्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. पैसेवारी म्हणजे गावच्या पिकाला मिळालेले गुण. पूर्वी ती आण्यांत मोजत, सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक, म्हणून जुनी माणसे अजून आणेवारीच म्हणतात. गावातल्या काही शेतांत ठराविक मापाचा तुकडा आखून त्यातले पीक कापतात, वजन करतात, सर्वसाधारण उत्पन्नाशी ताडून पाहतात. आधी नजर अंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम पैसेवारी जाहीर होते. ती पन्नास पैशांच्या खाली आली की जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, पीककर्जाची वसुली थांबवून त्याचे पुनर्गठन, आणि मुलांची परीक्षा फी माफ. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ ठरवण्याचे निकष बदलले, पर्जन्यमान, जमिनीतला ओलावा, उपग्रहाची चित्रे असे पुष्कळ काही त्यात आले. तरी गावोगावी पैसेवारीचा शब्द अजून जिवंत आहे. माझ्या नोकरीच्या काळात तर त्या एका आकड्यावर माणसाची पत ठरे. सत्तेचाळीसच्या गावातला शेतकरी ‘आपद्ग्रस्त’ आणि चौपन्नच्या गावातला, बांधापलीकडचा, ‘थकबाकीदार’. पाऊस दोघांवर सारखाच रुसलेला. माप चुकू शकते, हे मी नाकारत नाही. पण निदान माप होते! कर्ज फेडता आले नाही याचे कारण माणसात आहे की आभाळात, हा प्रश्न बँकेला पडत असे. जाणूनबुजून बुडवणारा वेगळा आणि बुडालेला वेगळा, असा भेद आम्हाला शिकवला जाई.

मुलांच्या प्रगतिपुस्तकाला अशी पैसेवारी नाही.

परीक्षा फी माफ करताना शासन एवढे मान्य करते की पावसाचा आणि परीक्षेचा संबंध आहे. मात्र तो संबंध फीपुरताच. मार्कांच्या, नोंदींच्या आणि आता या आत्ममूल्यमापनाच्या पानावर पोचेपर्यंत पाऊस विसरला जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये तर उलटेच झाले. परंडा, भूम या भागांत अतिवृष्टीने घरांत पाणी शिरले, जनावरे गेली, शेतातली माती खरवडून गेली. त्या घरांतल्या दहावीच्या मुलाने सहामाहीत गणिताचा पेपर कसाबसा सोडवला असेल तर त्याच्या पानावर काय लिहायचे? ‘सरावाचा अभाव’? आणि त्याने स्वतः काय लिहायचे? मूल इमानदार असते, ते लिहील, ‘मी अभ्यासात कमी पडलो’. पाण्यात गेलेली वही ते आपल्या नावावर घेईल.

गरीब घरातल्या मुलांची ही खोड मी पाहिली आहे. परिस्थितीचे सगळे उणे ती आपल्या खात्यावर लिहून घेतात, आणि आपले जमेचे त्यांना जमा वाटतच नाही. सुस्थितीतल्या घरात नेमके उलट. तिथे क्लासची फी, शांत खोली, इंग्रजी बोलणारी आई हे सगळे मुलाच्या ‘हुशारी’त धरले जाते. आमच्या भागातली ऐपत असलेली मुले दहावीनंतर लातूरला जातात. तिथल्या क्लासमध्ये चाचण्या होतात आणि निकालाच्या यादीत आपला क्रमांक दिसतो. दोन वर्षे मूल स्वतःला त्या क्रमांकाने ओळखते. मी लातूरच्या शिस्तीला नावे ठेवत नाही. तिने हजारो सामान्य घरांतली मुले डॉक्टर-इंजिनिअर केली. पण चारशेव्या क्रमांकाच्या मुलाला ‘तुझे बलस्थान काय’ असे विचारले तर तो काय सांगणार? जिल्ह्याचेही तसेच. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातल्या मागे पडलेल्या जिल्ह्यांची यादी केली, तीत महाराष्ट्रातले चार होते आणि त्यांत आमचा एक. आकांक्षित जिल्हा असे गोड नाव. आरोग्य, शिक्षण, शेती, वित्त, रस्ते मिळून एकोणपन्नास निर्देशांकांवर गुण. सुधारणा आवश्यक! मात्र इथल्या उस्मानाबादी शेळीचे गुण देशभरचे पशुवैद्य गातात : कमी पाण्यावर, झाडपाल्यावर तगते आणि बहुधा जुळी देते. शेळीच्या बाबतीत दुष्काळ हे तिच्या गुणाचे कारण ठरते. माणसाच्या बाबतीत आपण तो हिशेब करत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मुलांना अशी पैसेवारी लावून दिली की आयतेच निमित्त मिळेल. बस नव्हती, वीज नव्हती, मास्तर नव्हते. मग अभ्यास करायचा कुणी? मी बँकेतला माणूस आहे, मला ही भीती समजते. पण पैसेवारी पन्नासच्या खाली आली म्हणजे कर्ज माफ झाले असे नसते, हे लोक विसरतात. कर्ज तेवढेच राहते. फक्त एका हंगामाचे कर्ज काही वर्षांच्या हप्त्यांत बदलून मिळते आणि माणसाच्या नावापुढचा डाग टळतो. मुलाचेही तेच. पाचवीपासून आठवीपर्यंत गावात इंग्रजीचा शिक्षक नव्हता, तर इंग्रजी कच्चे राहिले हा त्याचा दोष नाही. पण इंग्रजी शिकण्याचे देणे त्याच्याकडेच आहे. ते फेडायला त्याला जास्त मुदत लागेल, एवढेच.

कच्चे म्हटले की आमच्या जिल्ह्यात तेरची आठवण येणारच. तेर म्हणजे जुने तगर, रोमन व्यापाऱ्यांनाही ठाऊक असलेले गाव. आमच्या लेखी मात्र ते आधी गोरोबाकाकांचे. संतमंडळी जमलेली असताना गोरोबांनी थापटणे घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर मारत कोणते मडके पक्के, कोणते कच्चे ते पाहिले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कोणी सांगतात हे तेरला घडले, कोणी सांगतात पंढरीला. बाकीचे शांत बसले, नामदेव चिडले, आणि गोरोबांनी निकाल दिला : हे मडके कच्चे. कथा इथेच थांबवून नामदेवांचा अहंकार कसा उतरला हे सांगायची रीत आहे. मला कथेचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. नामदेव रुसून विठ्ठलाकडे गेले, तिथून औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले, आणि शिकले. त्या मंडळीत सर्वांत दूरवर पोचले ते हेच कच्चे मडके. पंजाबात घुमानपर्यंत. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदे आहेत.

आणि थापटणे कुणाच्या हातात होते? कुंभाराच्या. ज्याने जन्मभर माती तुडवली, चाक फिरवले, आवा लावला, त्याच्या. यादीतून वाक्य उचलणाऱ्याच्या हातात ते नव्हते. तेरला मी कुंभारकाम पाहिले आहे. मडके बाहेरून थापटताना आत दुसऱ्या हाताचा आधार असतो, नाही तर ते फुटेल. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला १९२१ साली निघालेल्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. निजामाचा अंमल, साधनांची वानवा, आणि शिक्षक मुलांच्यातच राहणारे. पुढे अंबाजोगाई, मग १९३८ पासूनचा स्टेट काँग्रेसचा लढा. त्या शाळेची माणसे हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात कुठे कुठे दिसतात. तिथे कुठल्या मुलात काय आहे हे कळायला रकाना लागत नसावा. मुलाबरोबर जेवणाऱ्या माणसाला ते दिसते. आज प्रत्येक गावात हिप्परगा उभे करा असे म्हणणे सोपे आहे, व्हायचे नाही. पण निदान वर्गातली मुले कमी करा, शिक्षकाच्या हातातली इतर कामे काढा, मग त्याला नोंदी मागा. हा क्रम उलटा करून चालणार नाही.

बलस्थानांबद्दलही हेच. आमच्या शहरातली सारिका काळे खो-खोमध्ये भारताची कर्णधार झाली, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत संघाने सुवर्णपदक मिळवले, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. घरची अत्यंत गरिबी. खो-खो हा काही पैसा देणारा खेळ नव्हे. तिच्या धावण्यात काय आहे हे मैदानावर उभ्या असलेल्या माणसांनी ओळखले. प्रगतिपुस्तकाच्या ‘आवड-छंद’ या ओळीत ते मावले असते का, सांगता येत नाही.

रविवारी ती मुलगी आली. मी फॉर्म बाजूला ठेवला आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर तीन रकाने आखले. पहिला : माझे. दुसरा : परिस्थितीचे. तिसरा : दुसऱ्याकडून येणे. बँकेची सवय, दुसरे काय! म्हटले, आता तुला वाटणाऱ्या सगळ्या उणिवा सांग, आपण त्या एकेका खात्यात टाकू.

पहिली उणीव तिने सांगितली, वक्तशीर नाही. का? पहिल्या तासाला पोचता येत नाही. का? गाडी पावणेअकराला कॉलेजच्या गावात येते, तास साडेदहाचा. मानव विकासची निळी बस बारावीपर्यंतच्या मुलींसाठी. त्यापुढच्या मुलींनी जी मिळेल ती गाडी धरायची. ही नोंद दुसऱ्या रकान्यात गेली. दुसरी, इंग्रजी. ती तिसऱ्या रकान्यात गेली, पण तिथून एक बाण काढून मी तो पहिल्याकडे वळवला. ते देणे आता तिचे आहे. मग ती बराच वेळ गप्प राहिली. आमच्या सौ.ने चहा आणून ठेवला तरी बोलेना. शेवटी खाली बघत म्हणाली, “मला वर्गात प्रश्न विचारायचं भ्या वाटतंय, काका. आठवीत एकदा विचारलं तर सर हसले, समदा वर्ग हसला. आता कॉलेजात कुणी हसत न्हाई. मीच विचारत न्हाई.”

याला कोणत्या रकान्यात घालायचे? मी पेन तिच्या हातात दिले. तिने विचार केला आणि पहिल्यात लिहिले. हसणारे सर निघून गेले, खाते तिच्या नावावर राहिले. हे तिला मी सांगितले नाही, तिला ते कळले होते.

बलस्थाने विचारली तेव्हा मात्र कागद कोराच. “माझ्यात काय असतंय?” असे म्हणाली. घरी काय काम करतेस, असे विचारत गेलो. घरी चार म्हशी. वाशी-भूमकडे खव्याच्या भट्ट्या पुष्कळ. यांचे दूध रोज भट्टीवर जाते. भट्टीवाला दुधाला भाव देताना खवा कमी बसला म्हणून पैसे कापायचा, तेव्हापासून ही रोज लिहून ठेवते. किती लिटर, फॅट किती, म्हशींना काय घातले होते, हिरवा चारा होता की नुसता कडबा, आणि खवा किती उतरला. किती दिवस? “अकरावीपास्नं.” म्हणजे चार वर्षे, एक दिवस न चुकता. कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकते आणि ही वही म्हणजे रसायनशास्त्र आहे हे तिच्या मनातही आले नव्हते. ‘नेतृत्वगुण’ लिहायला निघाली होती! अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली माणसाच्या स्वभावाची चार चौकटींची एक खिडकी कल्पिली, तीत एक चौकट अशी की जे इतरांना दिसते ते आपल्याला दिसत नाही. त्या दोघांच्या नावांवरून तिला जोहरी खिडकी म्हणतात. मला मात्र आधी तो आपला हिरे पारखणारा जोहरीच वाटला होता, आणि अजूनही तोच बरा वाटतो.

फॉर्म तिने माझ्याच टेबलावर भरला. मी शब्द सुचवले नाहीत, फक्त एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. बलस्थानांत एकच लिहिले, खव्याच्या वहीचे. दोन ओळी मोकळ्या सोडल्या. उणिवांत पहिले इंग्रजी, दुसरे प्रश्न विचारण्याची भीती. असे लिहिले तर शिष्यवृत्ती मिळेल का, हे तिने विचारले नाही आणि मला विचारले असते तर उत्तर देता आले नसते. तिसऱ्या उणिवेच्या ओळीवर तिने गाडीची वेळ लिहिली, दहा पंचेचाळीस, आणि पुढे कंसात बारीक अक्षरांत लिहिले : ही माझी नाही. मी ते वाचले. खोड असे म्हणालो नाही.